खांद्याची अट

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, दिवस मावळायची वेळ. रक्कम एकशे एक रुपये. हजर माणसं सात: खाटेवर गभणेकाका, ज्यांच्यासाठी बाकीचे जमले होते, त्यांच्या उशाशी गभणेकाकू, मराठी मंडळाचे अध्यक्ष घाटेसाहेब, दुर्गहून आणलेले गुरुजी, मंडळाचे खजिनदार, म्हणजे माझे बाबा, माझी आई, आणि मी. आठवे लांजेवार मास्तर दाराबाहेर उभे होते. त्यांना आत यायची मनाई होती, म्हणून मी त्यांना हजेरीत धरत नाही. ऐकलं मात्र त्यांनीही सगळं. पैसे बाबांच्या सदऱ्याच्या खिशात होते आणि गभणेकाका तीन वाक्यं बोलले की ते काकूंच्या हातात पडायचे, असं ठरलं होतं. आयुष्यात मी पुष्कळ व्यवहार पाहिले, त्यातले बरेच वाईट. पण त्या खोलीतल्या व्यवहाराइतकी किळस मला कशाचीच आलेली नाही.

तेव्हा भिलाईत कुणाचंच गाव नव्हतं. मरोद्याच्या बाजूची जुनी छत्तीसगढी वस्ती सोडली, तर सगळेच कुठून तरी आलेले. आम्ही गोंदियाहून आलो. बाबा आधी रेल्वेत, मग पोलाद कारखान्याच्या यार्डात लागले. शेजारच्या क्वार्टरमधले गभणे भंडाऱ्याकडचे कोष्टी, पलीकडे एक बंगाली कुटुंब, मागे तेलुगू. मुरमाची लाल धूळ सगळ्यांच्या पिठात सारखीच पडायची. भोंगा झाला की पाळी बदलायची आणि आख्खी गल्ली सायकलींनी भरून वाहायची. आईचा स्वयंपाक भोंग्यावर चालायचा: पहिल्या भोंग्याला तांदळाची भाकर तव्यावर, दुसऱ्याला लाखोरीच्या डाळीला फोडणी. वारा कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या भट्ट्यांकडून आला की सडक्या अंड्यासारखा वास घरात शिरायचा आणि आई भाजीवर ताट झाकायची, जसा काही वास ताटानं अडणार होता. अशा ठिकाणी माणूस जन्मला तर इस्पितळ होतं. मेला तर मात्र पंचाईत. भाऊबंद गावाकडे, घाट अनोळखी, चार खांदे आणायचे कुठून? म्हणून मराठी मंडळानं पद्धत पाडली होती. वर्षाची वर्गणी भरली की मरणाच्या दिवशी मंडळ तुमचं गाव व्हायचं. तिरडीचे बांबू, मडकं, शिवनाथ नदीपर्यंत न्यायला ट्रक, दुर्गचे गुरुजी, आणि पाळीवरून सुटलेले चार जण, सगळं मंडळ करी. लोक गणपतीची वर्गणी म्हणून पैसे देत, पण मनात सगळ्यांच्या तो खांदाच असे. आई तर उघड म्हणायची, ‘गणपती घरी बी बसते, मुडदा घरात नाई बसत.’

गभणेकाका कारखान्यात रिगर होते. जड यंत्रं साखळ्या-पुल्यांनी वर चढवायची, हे त्यांचं काम. पण त्यांचा जीव नाटकात. भंडाऱ्याकडे भात कापून झाला की गावोगाव दंडार आणि नाटकं होतात. त्यात ते लहानपणापासून उभे राहिलेले. आवाज असा की अंगणातून त्यांनी मला ‘विमल’ अशी हाक मारली तर मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या विमलचीही मान वळायची. त्या वर्षी मंडळाचं नाटक लांजेवार मास्तरांनी स्वतः लिहिलं आणि तालमी आमच्याच पुढल्या खोलीत सुरू झाल्या. मास्तर शाळेत मराठी शिकवायचे. देव मानत नव्हते, पण त्याचा गाजावाजा करत नव्हते. आरतीला उभे राहायचे, टाळी वाजवायचे नाहीत, एवढंच. मी अकरावी झालेली, लग्न ठरत नव्हतं. मुलीनं रंगमंचावर उभं राहायचं नाही, हे घरात न बोलताच ठरलेलं. म्हणून मला प्रॉम्प्टर केलं. वही घेऊन विंगेत बसायचं आणि नट अडला की शब्द पुरवायचा. मला ते काम आवडलं. दुसऱ्याच्या तोंडून आपला शब्द निघतो आणि नाव कुठेच येत नाही.

तालमीआधी चहा व्हायचा आणि चहाबरोबर मास्तरांचं युरोप. ते कधी नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते, पण वाचलं भरपूर होतं आणि सांगायची हौस त्याहून दांडगी.

‘युरोपातलं नाटक निघालं कुठून, सांगा बरं गभणे?’

‘कोठून निंगन बाप्पा. तंबूतून.’

‘देवळातून! थेट देवापुढून. त्याच्याही आधी ग्रीक लोक देवाच्या उत्सवातच नाटकं करत आणि त्याच नाटकात देवाला जाब विचारत. आपल्या गणपतीसारखाच उत्सव. पुढे ते देव गेले, चर्च आलं. तिथे पाद्रीच बायकांची सोंगं घेऊन येशूच्या थडग्याचा प्रसंग करत. गर्दी वाढली तसं नाटक पायऱ्यांवर आलं, मग रस्त्यावर, गाड्यांवर. एकेका धंद्याकडे एकेक प्रसंग. प्रलयातली नाव जहाजाच्या सुतारांकडे. येशूला क्रुसावर ठोकायचं काम खिळे करणाऱ्यांकडे.’

‘म्हंजे खात्याखात्यानं वाटून. आपल्यासारकंच,’ काका म्हणाले. ‘अन् रिगरले काय देतेत?’

‘क्रूस उभा करायला देतील तुम्हाला.’

‘जमते. पन चेन-पुली पायजे. हातानं नाई करत मी.’

आई दारात बसून गवार मोडत असायची. तिला त्या गाड्या फार आवडल्या. मास्तर सांगत की गाड्यांवर गेल्यावर सैतानाला देवापेक्षा जास्त टाळ्या पडायला लागल्या, पाद्री चिडले, नाटकं बंद पाडली. पुढे इंग्लंडात एका राजाच्या काळी कायदाच झाला, रंगमंचावर देवाचं नाव वायफळ घेतलं की दंड.

‘बरं झालं,’ आई म्हणाली. ‘देवाची थट्टा कायले पायजे?’

‘बरं झालंच, वहिनी. भक्तांनीच देवाला नाटकातून हाकललं. मग वर उरली नुसती माणसं. त्यांना एकमेकांशी बोलण्यावाचून इलाज नाही. तेव्हापासून खरं नाटक सुरू झालं.’

त्या दिवशी आईनं मास्तरांना चहाबरोबर पाटवडी दिली. ती तिच्याकडून मोठी गोष्ट होती.

फ्रान्सातल्या नटांची गोष्टही त्यांनी तिथेच सांगितली. नट मरायला टेकला की पाद्री येऊन उभा राहायचा. धंदा सोडला म्हण, पाप होतं म्हण. म्हटलं तर पवित्र जमिनीत जागा. नाही म्हटलं तर गावाबाहेर, अंधारात, मंत्राशिवाय मूठभर माती. ज्या चर्चच्या पोटातून नाटक जन्मलं त्यानंच हे करावं, याचा मास्तरांना इतका संताप यायचा की जणू पुरणारे शेजारच्याच गल्लीत राहत होते.

‘मंग म्हनत का ते नट?’ काकांनी विचारलं.

‘पुष्कळ जण म्हणत.’

‘म्हनायले काय जाते? संवादच तं हाये.’

मास्तरांना ते उत्तर आवडलं नाही. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. आज वाटतं, आठ-दहा पुस्तकं वाचून मास्तरांना जे उमगलं नव्हतं ते काका चहा फुंकत बोलून गेले. पण ते खरं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नाटक साधं होतं. एका कोष्ट्याचा तरणा मुलगा मरतो. कोष्टी देवळाच्या बंद दारापुढे बसून देवाला रोज एकच विचारतो, का नेलास. पुजारी रोज सांगतो, उद्या ये. शेवटी कोष्टी स्वतःच दार ढकलतो. गाभारा रिकामा. तो बराच वेळ आत बघतो, मग लोकांकडे तोंड करून म्हणतो, ‘आत कोणीच नाई. मंग येवढे दिवस मी बोलत कोणाशी होतो?’ आणि तसाच प्रेक्षकांकडे बघत, हळू, ‘तुमीच ऐकून राहिले होते न?’ गणपतीच्या मांडवात, गणपतीच्याच समोर हे झालं. काकांनी दार ढकललं आणि मांडव गप्प झाला. पुढल्या रांगेत कारखाना उभारायला आलेले एक रशियन इंजिनियर दुभाष्याला घेऊन बसले होते. त्यांना शब्द किती समजले कोण जाणे, पण ते उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. शेजारी घाटेसाहेब होते, कारखान्यातले मोठे अधिकारी आणि मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी आधी रशियनकडे पाहिलं, मग उठले आणि त्याच्याहून मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. स्वतः रंगमंचावर चढून काकांच्या गळ्यात हार घातला. माइकवर म्हणाले, ‘आमचा कामगार आज किती पुरोगामी विचार करतो, हे पाहुण्यांनी पाहिलं!’ मी विंगेतून पाहत होते. तो हार गणपतीच्या मूर्तीवरून उतरवलेला होता. दुसरा आणलाच नव्हता.

दिवाळीनंतर वारं फिरलं. मंडळाला आपलं मंदिर बांधायचं होतं आणि त्यासाठी दुर्गच्या व्यापाऱ्यांकडून देणग्या हव्या होत्या. व्यापाऱ्यांच्या कानावर गेलं की या मंडळानं गणपतीपुढे रिकामा गाभारा दाखवला. गुरुजींनी निरोप धाडला, असल्या मंडळाचं एकही कार्य मी करणार नाही. घाटेसाहेबांनी बैठक बोलावली. तिथे त्यांना त्या नाटकाची पहिल्यापासूनच किळस होती, असं निघालं. मास्तरांना माफी मागायला सांगितली, त्यांनी मागितली नाही, त्यांचं नाव मंडळातून कमी झालं. गभणेकाका बैठकीला नव्हतेच. त्यांचं पोट पाण्यानं फुगायला लागलं होतं. आधी कावीळ म्हणाले, मग डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, हवं ते खाऊ घाला. हवं ते म्हणजे काय, तर त्यांना आईच्या हातचं अंबाडीचं आंबट हवं असे, आणि दोन घासांत ते ओकून टाकत.

आणि मग मंडळाचा निरोप आला. नाटकातली वाक्यं जो बोलला, त्याच्या तिरडीला मंडळाचा खांदा मिळणार नाही. मात्र त्यानं गुरुजींसमोर शब्द मागे घेतले, तर खांदाही मिळेल, क्रियाकर्मही होईल, शिवाय काकूंच्या हाती मदत म्हणून एकशे एक रुपये. बाबांनी निरोप वाचून दाखवला आणि मान खाली घातली. मास्तर संध्याकाळी गभण्यांकडे आले. ‘मी उचलीन,’ म्हणाले. ‘तुम्ही, मी, अजून दोघं मिळतील.’

काकू शांत बाई होत्या. त्यांनी मास्तरांपुढे हातच जोडले. ‘तुमी मास्तर हा, उद्या तुमची बदली होईन. हे गेल्यावर मले गावात विचारतीन, त्याईच्या अस्थीले बी मंत्र झाले का म्हून. गावाकडं लेकीचं लगन व्हायचं हाये माया. तुमाले लेक नाई.’ मग खाटेकडे वळून, ‘म्हनून द्या न जी. तुमाले काय जड हाये?’

काका छताकडे पाहत होते. ‘बोलाव त्याईले,’ म्हणाले.

अशी ती गुरुवारची संध्याकाळ आली. खोलीत आजारपणाचा कोंदट आंबूस वास होता. आईनं उदबत्ती लावली तर तो वास आणि उदबत्ती मिळून तिसरंच काही झालं. घाटेसाहेबांनी कानात अत्तराचा फाया घातला होता आणि नाकाला रुमाल. बरोबर पेढ्यांचा पुडा आणला होता, मरणाऱ्याच्या घरी पेढे. त्यांच्या तोंडात पान होतं. खाटेखाली काकांच्या ओकारीसाठी राख घातलेलं घमेलं होतं, ते त्यांनी पायानं पुढे ओढलं आणि त्यात पिंक टाकली. काकूंनी घमेलं निमूट मागे सारलं.  गुरुजींनी बाबांना हळूच विचारलं, ‘किती दिवस काढतील? पुढच्या आठवड्यात दोन लग्नं आहेत माझ्याकडे, म्हणून विचारतो.’

घाटेसाहेबांनी वाक्यं सांगितली. ‘म्हणा: मी देवाविरुद्ध बोललो ते पाप होतं. ते मी परत घेतो. यापुढे कधी तोंडाला रंग लावणार नाही.’ ज्याला कूस बदलायला दोघं लागत होते, त्या माणसाकडून हे शेवटलं वचन.

काकांनी ओठ हलवले. पहिल्या वाक्यानंतर थांबले. मग मान वळवून त्यांनी मला शोधलं. ‘विमल, तू सांग वं. मी बोलतो. मले तुयी सवय हाये.’

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. बाबा म्हणाले, ‘सांग.’ मी भिंतीला टेकून उभी होते, विंगेत बसायची तशीच त्यांच्या डाव्या अंगाला. मी सांगितलं. दबक्या आवाजात, वाक्याचे पहिले दोन शब्द, नेहमीसारखे. काकांनी ते उचलले आणि बोलले. घाटेसाहेब म्हणाले, ‘जरा मोठ्यानं. बाहेरच्यांनाही कळू द्या.’ बाहेर गल्ली जमली होती. मग त्या फुगलेल्या पोटातून कुठून आला देव जाणे, तो जुना आवाज आला. तिन्ही वाक्यं त्यांनी पहिल्यापासून म्हटली, थांबायचं तिथे थांबून. ‘पाप होतं’ला आवाज फुटला, ‘परत घेतो’ला सावरला. बंगाल्याच्या घरातली म्हातारी दारात येऊन रडायला लागली. तिला मराठी येत नव्हतं. घाटेसाहेबांनी रुमाल नाकावरून डोळ्यांवर नेला. गुरुजी म्हणाले, ‘हा खरा पश्चात्ताप.’ आणि पेढे वाटले गेले. घाटेसाहेबांनी दोन खाल्ले, त्याच खाटेशी उभं राहून, बोटं चाटत. माझ्या हातातला पेढा तळव्यात मऊ होऊन चिकटला. मी तो मोरीत धुतला. पेढा मी अजूनही खात नाही. दुर्गच्या पद्मनाभपुरात राहते, नातू पहिला आला की डबा घेऊन येतो, ‘दादी, खाओ ना.’ त्याला साखरेचं कारण सांगते.

सगळे अंगणात गेल्यावर काकांनी मला वाकायला सांगितलं. ‘शेवटल्या रांगेपोतर गेला का आवाज?’

‘गेला काका.’

‘मास्तरले आयकू गेलं?’

‘गेलं.’

 त्यांनी डोळे मिटून घेतले. मी बाहेर आले तेव्हा मास्तर सायकलला टेकून उभे होते. म्हणाले, ‘त्यांनी म्हटलं, याचा राग नाही मला. पण टाळ्या वाजवणारे तेच आणि म्हणवून घेणारेही तेच! फ्रान्सातला पाद्री निदान नाटकाला तरी जात नसेल ग.’ मग सायकल काढून निघून गेले.

घाटेसाहेब अंगणातून जाताना बाबांना म्हणाले, ‘रक्कम राहू द्या तुमच्याकडे. एकदम कार्यालाच देऊ.’ बाबांचा हात खिशाकडे गेला होता, तो तसाच खाली आला.

रविवारी उजाडताना काका गेले. खांदा मिळाला, ठरल्याप्रमाणे. ट्रकवर गर्दी इतकी की नाटकालाही तेवढी नव्हती. शिवनाथेच्या काठी सरण रचलेलं असताना घाटेसाहेबांनी भाषण केलं, शेवटी भक्तीचाच विजय झाला, म्हणाले, आणि त्यातच मंदिराच्या वर्गणीचं आवाहन केलं. दुर्गचे दोन व्यापारी ते ऐकायला आले होते. मास्तर सायकलवर मागून आले आणि पाण्याच्या कडेला लांब उभे राहिले. तिरडीजवळ जायला लागले तर दोघांनी त्यांना हातानं थोपवलं.

दहाव्याला गुरुजींनी नवं काढलं. नुसतं तोंडानं मागे घेतलं म्हणजे पुरत नाही, प्रायश्चित्तविधी आणि त्यामागून मंडळात सत्यनारायण व्हायला हवा. नाहीतर पाप मुलीला लागतं. काकूंना मुलीचं नाव पुरे होतं. बाबा घाटेसाहेबांकडे गेले, मीही बरोबर होते. बाबा म्हणाले, ‘साहेब, ती रक्कम गभणेबाईंना द्यायची ठरली आहे. त्यांना आता क्वार्टर सोडून गावी जायचं आहे.’

‘गभण्यांच्या कल्याणासाठी ठरली आहे,’ घाटेसाहेब म्हणाले. ‘आत्म्याचं कल्याण हे कल्याण नाही का? बाईला विचारा, ती नाही म्हणते का ते.’

बाबांनी बाईला विचारलं. बाई नाही म्हणाली नाही. बाबांनी घाटेसाहेबांना पैसे काढून दिले आणि पावती घेतली. यार्डातला एक डबा चुकीच्या रुळावर गेला तर रात्रभर न झोपणारे माझे बाबा. घरी आल्यावर आईनं विचारलं, ‘देल्ले का गभणेबाईले?’ त्यांनी सांगितलं. आई म्हणाली, ‘हात धुवून या, तवाच ताट वाढतो.’ मला त्यांची दया आली असं लिहायला बरं दिसलं असतं. तसं झालं नाही. ते जेवत होते आणि मला त्यांच्या भुरके मारण्याचाही आवाज सहन होत नव्हता.

अखेरीस दिलं गेलं ते असं: प्रायश्चित्तविधीचे एक्कावन्न रुपये, गुरुजींना. मंडळात झालेल्या सत्यनारायणाचे, शिरा-केळी धरून, पन्नास रुपये, घाटेसाहेबांच्या हाती. गभणेकाकूंना प्रसादाचा एक द्रोण. तो मीच नेऊन दिला.